‘यो’ कुठे गळला? कोरियन मालिकांबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ऑफिसातली एक प्रेमकथा बघतेय. आठव्या भागात नायिका नायकाला नुसत्या नावाने हाक मारते आणि तो जागीच थिजतो. सबटायटलमध्ये तर ती पहिल्या भागापासून त्याला नावानेच बोलावतेय. मग त्याला एवढं काय झालं?

उत्तर : तो प्रसंग सबटायटलने गिळला. इंग्रजीत ‘अहो’ आणि ‘अरे’ दोन्हींना एकच शब्द, त्यामुळे कोरियन संवादातला निम्मा जीव तिथे जातो. पहिले सात भाग ती त्याला बहुधा ‘टीमजांगनिम’ म्हणत असणार. टीमजांग म्हणजे टीमचा प्रमुख आणि ‘निम’ म्हणजे आपलं ‘साहेब’. भाषांतर करणारा तिथे सरळ नाव टाकून मोकळा होतो.

कान लावायचा तो वाक्याच्या शेवटाकडे. ‘क्वेन्चानायो’ म्हणजे ‘ठीक आहे’, आदराने. तेच ‘क्वेन्चाना’ झालं की ‘अहो’चं ‘अरे’ झालं. आदराच्या बोलीला जोन्देमाल म्हणतात, सलगीच्या बोलीला बानमाल. दोघांतलं एक जण ‘यो’ गाळतं आणि दुसरं गाळत नाही, तेव्हा वरचढ कोण ते कळतं. दोघंही एकाच प्रसंगात गाळू लागले, तर ती प्रेमाची कबुलीच समजा. नावाचंही तसंच. ‘मिनसू-श्शी’ हे औपचारिक, ‘मिनसूया’ हे घरगुती. नाव व्यंजनाने संपत असेल तर ‘या’ऐवजी नुसता ‘आ’ लागतो : जियंग-आ.

मात्र ‘यो’ नाही म्हणजे सलगी, असा सरसकट नियम लावू नका. बातम्या, लष्कर, कंपनीतलं सादरीकरण इथे वाक्य ‘म्निदा’ने संपतं आणि ते ‘यो’पेक्षाही औपचारिक असतं. ऐतिहासिक मालिकांत तर क्रियापदांचे शेवट वेगळेच. हा कान आधी आजच्या काळातल्या मालिकांवर तयार करा. आणि डब केलेली आवृत्ती असेल तर मूळ आवाज लावा, नाहीतर ऐकायला काही उरतच नाही.

प्रश्न : रस्त्यावर भांडण पेटलेलं असताना एकजण मध्येच विचारतो, ‘तू किती वर्षांचा?’ हे विनोदासाठी असतं का?

उत्तर : नाही, तो मुद्द्याचाच प्रश्न आहे. बानमाल वापरायचा हक्क वयाने मिळतो. समोरच्याने ‘यो’ गाळून ‘या!’ म्हटलं (आपलं ‘ए!’), की तुझं वय काय आणि जीभ केवढी, असा त्या प्रश्नाचा अर्थ.

नात्यांचे शब्दही इथेच ऐकून ठेवा, कारण ते बोलणाऱ्यावरून बदलतात. मोठ्या भावाला बहीण ‘ओप्पा’ म्हणते, भाऊ ‘ह्यंग’. मोठ्या बहिणीला बहीण ‘ओन्नी’, भाऊ ‘नूना’. ओप्पा सख्खा भाऊही असतो आणि प्रियकरही. ‘दादा’ म्हणून प्रेम करणं मराठीत जमणार नाही, त्यामुळे आपली पंचाईत होते. एक गोष्ट मात्र आपल्याला चटकन कळते : कोरियन माणूस ‘उरी ओम्मा’, म्हणजे ‘आमची आई’ म्हणतो, एकुलता एक असला तरी.

प्रश्न : दहाव्या भागापर्यंत मालिका उत्तम होती. मग घरच्यांचा विरोध, विनाकारण ताटातूट, जुन्याच दृश्यांच्या आठवणी. हे दर वेळी का?

उत्तर : गणित करून बघा. रूढ साचा १६ भागांचा, आठवड्याला दोन भाग, प्रत्येकी तासाभराहून मोठा. म्हणजे सतरा-अठरा तासांचा मजकूर. दोन माणसांच्या प्रेमकथेत तेवढा ऐवज क्वचितच असतो, म्हणून बाराव्या-तेराव्या भागात ताटातूट घालून शेवटच्या भेटीसाठी जागा केली जाते.

दुसरं कारण निर्मितीच्या पद्धतीतलं. वर्षानुवर्षं मोजके भाग हाताशी ठेवून प्रसारण सुरू व्हायचं आणि उरलेलं चित्रीकरण प्रसारणाबरोबर धावायचं. संहिता तुकड्या-तुकड्यांनी सेटवर यायची. त्या सुट्या पानांना ‘च्चोकदेबोन’ असं नावच आहे. मिनिटं कमी पडली की आठवणींची दृश्यं आणि मागे गाणं लावून पात्रांचं नुसतं चालत राहणं कामी येतं. लोकप्रियता वाढली तर भाग वाढवायचे आणि कथा ताणायची. २०१६ची ‘डिसेंडन्ट्स ऑफ द सन’ ही मालिका मात्र चीनमध्येही एकाच वेळी दाखवायची असल्याने आधीच पूर्ण चित्रित झाली होती. पुढे आठवड्याला ५२ तासांच्या कामाची मर्यादा प्रसारण क्षेत्रालाही लागू झाली आणि जुनी धावपळ कमी झाली. आता १२ भागांच्या मालिका वाढल्या आहेत, हे आमच्या मते चांगलंच झालं. निवड करताना आधी भागांची संख्या बघा. प्रेमकथा १६ भागांची असेल आणि उपकथानक एकच, तर अकराव्यानंतर धीर धरावा लागणार.

प्रश्न : एकच मालिका एका ठिकाणी १६ भागांची, दुसरीकडे ३२. काही कापलंय का?

उत्तर : काही कापलेलं नाही. केबीएस, एमबीसी, एसबीएस या केबलशिवाय, अँटेनावर दिसणाऱ्या मोठ्या वाहिन्यांना १ जुलै २०२१पर्यंत कार्यक्रमाच्या मध्ये जाहिरात दाखवता येत नव्हती, केबल वाहिन्यांना येत होती. यावर पळवाट म्हणून २०१७च्या सुमारास त्यांनी एका भागाचे दोन ‘भाग’ केले आणि मधल्या फटीत जाहिरात बसवली. ३५ मिनिटांचे ३२ म्हणजे ७० मिनिटांचे १६.

प्रश्न : गंभीर प्रसंगातही पात्रं सँडविच खातात, चेहऱ्याला मलम लावतात. दिग्दर्शकाला कळत नाही का?

उत्तर : कळतं, पण पैसे तिथून येतात. वाहिनीकडून खर्चाचा काही भागच मिळतो. उरलेला परदेशी हक्क, गाणी आणि अशा वस्तूंमधून उभा करावा लागतो. या छुप्या जाहिरातीला तिथे पीपीएल म्हणतात आणि २०१०पासून ती कायदेशीर आहे. त्या वेळच्या नियमानुसार वस्तू पडद्याच्या पाव भागापेक्षा मोठी दिसता कामा नये आणि एकूण वेळ कार्यक्रमाच्या ५ टक्क्यांत बसायला हवी. ७० मिनिटांत साडेतीन मिनिटं, म्हणजे चांगलं अख्खं सँडविच. खटकतं ते संहिता लिहून झाल्यावर करार होतो तेव्हा : वस्तूसाठी प्रसंग शोधावा लागतो. स्वयंपाकघरात मुरवलेली वस्तू तुमच्या लक्षातही येत नाही. उलट, पैसे न दिलेल्या ब्रँडचं नाव पट्टी चिकटवून झाकलेलं दिसेल.

प्रश्न : पाच टक्के रेटिंगला ‘हिट’ म्हणतात, ते कसं?

उत्तर : वाहिनी कोणती ते आधी बघा. केबलवर पाच टक्के चांगले, मोठ्या वाहिनीच्या शनिवार-रविवारच्या कौटुंबिक मालिकेला ते लाजिरवाणे. आणि आकड्यापेक्षा चढ महत्त्वाचा. ‘एक्स्ट्राऑर्डिनरी अटर्नी वू’ २०२२मध्ये ईएनए या छोट्या वाहिनीवर ०.९ टक्क्यांवर सुरू झाली आणि १७.५ टक्क्यांवर संपली. हा आकडा टीव्ही असलेल्या घरांचा असतो. मोबाइलवर बघणारे त्यात येत नाहीत.

प्रश्न : नायिका तोंडाने वय २९ सांगते, हिशेबाने २७ होतात.

उत्तर : जुन्या मोजणीत जन्मतःच एक वर्ष आणि दर १ जानेवारीला आणखी एक, म्हणून एक किंवा दोन वजा करा. २८ जून २०२३पासून कायद्याने आपल्यासारखंच वय मोजतात. दारूसाठी मात्र अजून जन्मवर्षच बघतात : ज्या वर्षी १९ पूर्ण होणार, त्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मुभा. नववर्षाच्या मध्यरात्री पोरं ओळखपत्र नाचवत दुकानात का शिरतात, ते यावरून कळेल.

प्रश्न : तुरुंगातून सुटलेल्याला टोफू का भरवतात?

उत्तर : पांढरा आहे म्हणून. इथून पुढे तसाच स्वच्छ राहा, एवढाच अर्थ. तो कच्चाच, उभ्या-उभ्या खातात.