आधी एकाला तरी शिकव

प्रिय,

तुझ्या फुलब्राइटच्या अर्जाचा मसुदा येऊन आठ दिवस झाले. उत्तराला उशीर केला, कारण पहिल्यांदा वाचला तेव्हा मला राग आला होता, आणि रागात लिहिलेली पत्रं मी आता पाठवत नाही. दोन-तीन पाठवली होती आयुष्यात, तेवढी पुरली.

राग तुझ्यावर नव्हता. ‘भारताच्या समृद्ध सांस्कृतिक वारशाचा दूत होण्याची माझी मनीषा आहे’ हे तुझं पहिलं वाक्य खरं तर माझंच आहे. फुलब्राइट या अमेरिकन सरकारी शिष्यवृत्तीच्या याच भाषा-शिक्षक योजनेसाठी मी पहिला अर्ज केला, तेव्हा थोड्याफार फरकानं हेच लिहिलं होतं. वारसा, दूत, सेतू. सेतू तर दोनदा होता. मुलाखतीचं बोलावणंसुद्धा आलं नाही. ते योग्य झालं हे कळायला मला वर्ष लागलं. कबूल करायला त्याहून जास्त.

फोनवर तू विचारलंस, ‘मॅडम, त्यांना नेमकं काय हवं असतं?’ अरे, ते तर योजनेच्या नावातच आहे. फॉरेन लँग्वेज टीचिंग असिस्टंट. 9 महिने अमेरिकेतल्या एखाद्या कॉलेजात आपली भाषा शिकवायची, आठवड्याला जास्तीत जास्त 20 तास काम करायचं, शिवाय दर सत्रात निदान 2 विषय स्वतः विद्यार्थी होऊन घ्यायचे, त्यातला एक अमेरिकेविषयीचा. पदवी मिळत नाही. 21 ते 29 वयाच्या तरुण शिक्षकांसाठी आहे ती. तुला हे सगळं पाठ आहे, मला माहीत आहे. पण तुझ्या दोन पानांत ‘शिकवणे’ हे क्रियापद किती वेळा आलंय? मी मोजलं. एकदा. तेही ‘शिकवण्याची संधी’ असं.

म्हणून माझं एकच म्हणणं आहे आणि ते मी या पत्रात पुन्हापुन्हा सांगणार आहे, कंटाळलास तरी. आधी एकाला तरी शिकव. ज्याला ती भाषा मुळीच येत नाही अशा एका मोठ्या माणसाला.

तू म्हणशील, मी दोन वर्षं ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवतोय की. ते मी धरत नाही. इंग्रजी तू स्वतः शिकलास. कुठे अडलास, काय पाठ केलंस, ते तुला आठवतं. म्हणून शिकवता येतं. तिथे शिकवायची आहे हिंदी, आणि ती तू कधी शिकलास? ती गल्लीतून, सिनेमातून, रेल्वेच्या डब्यातून अंगात आली. अंगात आलेली गोष्ट दुसऱ्याला देता येत नाही. ती आधी बाहेर काढून टेबलावर ठेवून बघावी लागते.

माझी हिंदी नागपूरची. आम्हाला वाटतं आम्ही जन्मतः दोन्ही भाषा घेऊन येतो. अमेरिकेत हिंदी शिकवायला गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात एका मुलानं विचारलं, ‘मैंने चाय पी’ होतं, मग ‘मैं चाय लाया’ का? कर्म असलं की ‘ने’ लावायचा असं तुम्हीच सांगितलंत, इथे चहा हे कर्म आहेच की. मुलगा इंजिनिअरिंगचा होता, त्याला नियम हवा होता. मी फळ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, असंच असतं. त्यानं ते वहीत लिहून घेतलं. पुढे महिन्याभरात असे इतके प्रश्न आले, की मी तोंड उघडायच्या आत अख्खा वर्ग एका सुरात म्हणायचा, ‘ऐसा ही होता है!’ मीही हसायचे. खोलीवर येऊन हसू यायचं नाही.

‘लाना’ म्हणजे ‘ले आना’. तो ‘आना’च्या वळणानं चालतो आणि ‘आना’ला ‘ने’ लागत नाही. दोन ओळींचं उत्तर, आणि ती भाषा जन्मापासून कानावर असून मला ते माहीत नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे आमच्या गल्लीत सर्रास ‘मैंने लाया’ म्हणतात, त्यामुळे मला ते वाक्य चूक आहे हेच जाणवत नव्हतं. आणि मराठी? ‘त्यानं आणलं’ म्हणताना आपण ‘नं’ लावतो, ‘मी आणलं’ म्हणताना काहीच लावत नाही. हे शेजारी शेजारी मांडलं असतं तर वर्षातला सगळ्यात सुंदर तास झाला असता. तो माझ्याच तोंडात होता आणि मला दिसला नाही. याची रुखरुख मला अजून आहे. तुला हसू येईल, पण आहे.

आता दुसरा अर्ज कसा जमला ते सांगते. पहिला नाकारला गेला त्या वर्षी शेजारच्या बिऱ्हाडात केरळहून एक नर्स आली. तिला हिंदीचा एक शब्द येत नव्हता. मी मोठ्या उत्साहानं अक्षरांचा तक्ता घेऊन गेले. तिनं पाच मिनिटं ऐकून घेतलं आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाली, आज माझी नाइट ड्यूटी आहे, पेशंट मला अ-आ-इ-ई सांगणार नाही. तक्ता गुंडाळला. त्या रात्रीपुरती चार वाक्यं केली: कहाँ दर्द है, कब से है, पानी चाहिए, डॉक्टर आ रहे हैं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ड्यूटीवरून सरळ माझ्या दारात. ‘कब से है’चं उत्तर कळलं नाही म्हणाली. प्रश्न शिकवला होता, उत्तरं शिकवलीच नव्हती! कल से, परसों से, रात से. आणि मग ‘कल’ म्हणजे काल की उद्या, यावर आम्ही दोघी अर्धा तास अडकलो.

माझा दुसरा निबंध त्या गुंडाळलेल्या तक्त्यापासून सुरू झाला. दूत गेला, सेतू गेला, वारसा गेला. काय चुकलं, दुसऱ्या दिवशी काय बदललं, त्यानं काय झालं, एवढंच होतं. मुलाखतीत अर्धा वेळ त्या नर्सबद्दलच बोलणं झालं. तरीही वर सांगितलेली ‘लाया’ची फजिती झालीच, कारण मी एकीलाच शिकवलं होतं. चौघांना शिकवलं असतं तर माझ्या विद्यार्थ्यांचे पहिले दोन महिने वाया गेले नसते. माझे नाही, त्यांचे. फी ते भरत होते.

तुझ्या मसुद्यात ‘मी नावीन्यपूर्ण पद्धती वापरीन’ असं आहे. कोणती? एक तरी सांग. मी तुला एक देते, पण ती अर्जात घालू नकोस. आधी करून बघ. इंग्रजी बोलणाऱ्यांना प आणि फ वेगळे ऐकू येत नाहीत, असं आपण समजतो. ओठांपुढे कागदाची पट्टी धरून त्यांना ‘पिन’ म्हणायला लाव. पट्टी हलते. मग ‘स्पिन’ म्हणायला लाव. हलत नाही. म्हणजे दोन्ही आवाज त्यांच्या तोंडात आहेतच, फक्त ते वेगळे आहेत हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. त आणि ट यांचं मात्र इतकं सोपं नाही. त्यांचा ‘टी’ आपल्या दोन्हींच्या मधे कुठेतरी पडतो, तिथे आरसा आणि धीर लागतो. पट्टी हलताना बघणाऱ्या माणसाचा चेहरा तू एकदा पाहिलास की ‘नावीन्यपूर्ण’ हा शब्द तुझ्या हातून पुन्हा लिहिला जाणार नाही.

आणखी एक. तिथल्या परभाषा-शिक्षकांची संघटना आहे, ॲक्टफल. तिची शिफारस अशी, की वर्गातला 90 टक्के किंवा त्याहून जास्त वेळ शिकवायच्या भाषेतच बोलावं. पहिल्या दिवसापासून. आपण भाषांतरानं शिकलेली माणसं. आपली घालमेल होते. हे निबंधात ‘मी करीन’ म्हणून लिहू नकोस. एका माणसासमोर दहा मिनिटं करून बघ, घाम कुठे फुटतो ते लिही.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते, त्या कुणीही सांगेल. शिफारसपत्र मोठ्या पदाच्या माणसाचं नको. तुझ्या वर्गात मागच्या बाकावर कधीतरी बसलेल्या माणसाचं घे. तारखा आणि अटी दरवर्षी यूएसआयईएफच्या, म्हणजे भारतात फुलब्राइट चालवणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावरूनच बघ, माझ्यावर किंवा मित्रांच्या ग्रुपवर विसंबू नकोस. रजेचं मात्र लेखी घे. मला तोंडी ‘जा, जा, अभिमान आहे’ म्हणाले, परत आले तेव्हा वेतनवाढीचा घोळ निस्तरायला दोन वर्षं गेली. कॉलेजचं नाव घेत नाही. फाइल मात्र अजून माझ्या कपाटात आहे.

तू शेवटी हळूच विचारलंस, ‘तिथेच पुढे पीएचडीचं जमतं का?’ तुला ओरडणार नाही. पण व्हिसा जे-1, म्हणजे देवाणघेवाणीच्या कार्यक्रमांचा, असतो आणि या शिष्यवृत्तीला 2 वर्षांची अट असते: एकूण तेवढा काळ मायदेशी राहिल्याशिवाय तिकडचा एच-1बी हा नोकरीचा व्हिसा किंवा कायम राहण्याचा परवाना मिळत नाही. शिवाय हा पैसा कुणाचा, तेही बघ. कार्यक्रम 1946 मध्ये सेनेटर फुलब्राइट यांच्या कायद्यानं सुरू झाला, आपल्याशी करार 1950 मध्ये झाला, आणि 2008 च्या करारापासून भारत सरकारही खर्चाचा वाटा उचलतं. म्हणजे थोडा तुझ्या आईवडिलांनी भरलेल्या करातला आहे. परत येऊन काय करणार हा प्रश्न ते उगाच विचारत नाहीत.

मी आले परत. माझ्या तिथल्या प्राध्यापकबाई म्हणाल्या होत्या, दोन वर्षांनी अर्ज कर, मी पत्र देईन. मी केला नाही. माझ्याबरोबरच्या दोघी पुढे गेल्या, आज तिकडे शिकवतात, नाव आहे. लोक अजून विचारतात, तू का नाही? मी सांगते, इथे काम होतं. आणि होतंच! तीच ‘ऐसा ही होता है’ची यादी घेऊन मी इथल्या पोरांना इंग्रजी शिकवायला लागले, आणि त्यातला एक तास तुझा होता, आठवत असेल तर. भीतीही होती, ते कुणाला सांगत नाही. पण चूक केली असं मला वाटत नाही. फारसं वाटत नाही.

उलट दिशेनं आलेली माणसंही बघ. मॅक्सिन बर्नसन अमेरिकेतून आल्या, मराठी शिकल्या, फलटणला राहिल्या, आणि जाई निंबकरांबरोबर परक्यांना मराठी शिकवायची पुस्तकं केली. आपण जिथे ‘असंच असतं’ म्हणून पुढे जातो, तिथे त्या थांबल्या असणार. बाहेरच्याला थांबावंच लागतं. तुला स्वतःच्या भाषेत बाहेरचं व्हायचंय, आणि ते आरशासमोर बसून होत नाही. समोर ती भाषा न येणारं माणूस लागतं.

तुझ्या बिल्डिंगमध्ये तिरुचीहून बदली होऊन आलेले बँकेतले गृहस्थ आहेत म्हणालास ना, रिक्षावाल्याशी खुणांनी बोलणारे? त्यांना विचार. फी घेऊ नकोस, चहा घे. हिंदी नको म्हणाले तर मराठी शिकव, चालेल. आठवड्याला दोन संध्याकाळी, सहा आठवडे, आणि प्रत्येक वेळी घरी येऊन पाच ओळी लिही: काय ठरवलं होतं, काय झालं. अर्जाची मुदत त्याआधी संपत असेल तर संपू दे, पुढच्या वर्षी कर. तुला वय आहे अजून.

मसुदा दुरुस्त करून इतक्यात पाठवू नकोस, मी उघडणार नाही. त्या गृहस्थांचा पहिला तास कसा गेला ते कळव.

तुझी,
मॅडम

ता. क. ‘मैं लाया’चं कारण सांगितलं म्हणून खूश होऊ नकोस. ‘मैं बोला’ आणि ‘मैं भूला’ यांना ते लागू पडत नाही. त्यांचं तू शोध.