पंधरा मुलांची पार्टी पहिल्यांदाच करताय? पावभाजी करा

पदार्थ एकच, पण भरपूर. चार-पाच प्रकार केलेत की सगळेच अर्धवट होतात आणि मुलं शेवटी एकाच गोष्टीवर तुटून पडतात.

पंधरा जणांना: बटाटे २ किलो, टोमॅटो दीड किलो, फ्लॉवर आणि कांदा पाऊण-पाऊण किलो, मटार व सिमला मिरची अर्धा-अर्धा किलो, बटर अर्धा किलो. पाव ५ डझन. एकेका मुलाला चार पाव सहज जातात.

बटाटे आधी वेगळे उकडा. टोमॅटोच्या आंबटपणात कच्चा बटाटा लवकर मऊ होत नाही, भाजीत गाठी राहतात. भाजी दुपारीच करून ठेवा. ती मुरते, पण घट्टही होते, म्हणून गरम करताना उकळतं पाणी घाला, गार नको.

सगळ्यात जास्त फसतात ते पाव. आधी भाजून ठेवलेत तर चामट होतात. मुलं ताटं घेऊन उभी राहिली की तवा तापवा, बटर, चिमूटभर पावभाजी मसाला, आणि पाव आतल्या बाजूने तांबूस होईपर्यंतच.

तिखट बेताचं ठेवा, मिरचीचा ठेचा बाजूला. कोण जैन आहे, कुणाला कशाची अ‍ॅलर्जी आहे, हे दोन दिवस आधीच विचारा. मसाला पुलाव वगैरे पुढच्या वेळी. जमेल तुम्हाला!