युटातला होल-इन-द-रॉक रोड भाड्याच्या सेडानने करता येईल का?

शेवटपर्यंत नाही, कोरड्या हवेत डेव्हिल्स गार्डन या चित्रविचित्र खडकांच्या जागेपर्यंतचे पहिले 12 मैल मात्र सावकाश गेलात तर जमतात. एस्कलँटे गावाजवळून निघणारा हा जवळपास 60 मैलांचा कच्चा रस्ता चराऊ रानातून जातो. मी एसयूव्हीने गेलो, तरी पन्हाळी पत्र्यावरून चालवावी तशी गाडी थडथडत होती. शेवटचे काही मैल नुसता खडक, तिथे जमिनीपासून उंच असलेली फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीच हवी. पाऊस पडला की चिकणमाती टायरच्या खाचा भरून टाकते. मग फोर-व्हील-ड्राइव्हनेही जाऊ नका. गुरं मोकळी हिंडतात, तेव्हा वळणावर वेग आवरा. टाकी एस्कलँटेतच भरा. भाडेकरारात कच्च्या रस्त्याला परवानगी आहे ना, हे आधी वाचा; बरेचदा नसते.