इंटरचेंजेबल कोअर पिक काहून होत नाही? पिना बसतात पण प्लग फिरत नाही

तुम्ही लिहिलंय की साधी पॅडलॉक आता पिकनं (चावीविना पिना उचलायची पातळ पट्टी) बऱ्यापैकी उघडतात म्हणून इंग्रजी 8 च्या आकाराचा जुना अमेरिकन इंटरचेंजेबल कोअर (अख्खा काढून बदलता येतो असा कुलपाचा गाभा) मागवला, त्यात पिना टकटक बसतात पण प्लग, म्हणजे चावी घालतो तो फिरणारा भाग, काही हलत नाही, आणि इतवारीतल्या चावीवाल्यानं तो उलटापालटा करून "हे कायचं आहे बावा" म्हणत परत दिला. त्याचाही दोष नाही, आपल्या बाजारात लिव्हरची कुलपं नाहीतर दाराचे साधे सिलिंडर, हे कोअर नागपुरात एखाद्या मोठ्या कंपनीच्या ऑफिसात दिसले तर दिसले.

तर भाऊ, तुमच्या पिना खरंच बसतात, फक्त सगळ्या एकाच लाइनवर बसत नाहीत.

ह्या कुलपात शिअर लाइन, म्हणजे पिनांची फट जिथे आली की आतला भाग मोकळा फिरतो ती रेष, दोन असतात. प्लगच्या भोवती एक पातळ कंट्रोल स्लीव्ह असते आणि तिला एक लग (बाहेर आलेला कान) असतो, तोच कोअरला हाउसिंगमध्ये अडकवून ठेवतो. रोजच्या, म्हणजे ऑपरेटिंग चावीनं प्लग आणि स्लीव्हच्या मधली लाइन मोकळी होते, एकटा प्लग फिरतो, दार उघडते. कंट्रोल चावीनं स्लीव्ह आणि बाहेरच्या बॉडीच्या मधली लाइन मोकळी होते, प्लग आणि स्लीव्ह जोडीनं 15 अंश फिरतात, लग आत जातो आणि अख्खा कोअर हातात येतो. फ्रँक बेस्ट नावाचा माणूस सिएटलमध्ये शाळेच्या देखभालीचं काम करायचा, त्यानं 1920 च्या आसपास हे काढलं. चावी हरवली तर दाराचं कुलूप खोलत बसायचं नाही, कोअर बदलला की झालं.

आता समजा 7 पैकी 4 पिना पहिल्या लाइनवर बसल्या आणि 3 दुसऱ्या. त्या 3 मुळे प्लग आणि स्लीव्ह एकमेकांना अडकलेले राहतात आणि त्या 4 मुळे स्लीव्ह बॉडीला अडकलेली राहते, म्हणजे काहीच फिरत नाही आणि तुम्हाला वाटते की सगळं सेट झालं तरी हे चाललंय काय. हिशोब करून पाहा, प्रत्येक खान्यात दोन पर्याय, 7 खाने, म्हणजे 128 जुळण्या, त्यातल्या कामाच्या फक्त 2, सगळ्या इकडे किंवा सगळ्या तिकडे. (मास्टर पिना, म्हणजे दुसरी चावीही चालावी म्हणून घातलेले जादा तुकडे, असतील तर ऑपरेटिंगच्या बाजूला थोडे जास्त पर्याय मिळतात, ते सध्या सोडा.)

आणि बोटाला हा फरक कळत काहून नाही तेही सांगतो. सगळ्यात जास्त चालणारी पिनिंगची पद्धत ए2, त्यात चावीच्या कटाच्या खोलीच्या 0 ते 9 अशा दहा पातळ्या आणि एक पायरी 0.0125 इंचाची, म्हणजे जेमतेम 0.32 मिमी. समजा एका खान्यात रोजच्या चावीचा कट 4 आणि कंट्रोल चावीचा 6. तर खालची पिन 4 ची, मधली कंट्रोल पिन 6 अधिक 10 वजा 4 म्हणजे 12 ची, आणि वरची 7 ची, कारण बेरीज 23 यावी लागते. ते 10 म्हणजे स्लीव्हची जाडी. कट खोल असला की पिन कमी उचलली जाते, म्हणून इथे पिन उचलताना आधी कंट्रोलची फट येणार आणि अजून दोन पायऱ्या वर, 0.64 मिमीच्या आसपास, ऑपरेटिंगची. एवढ्याशा अंतरात दोन वेगळे क्लिक. दुसऱ्या खान्यात क्रम उलटाही असू शकतो, त्यामुळे "पहिला क्लिक सोडायचा, दुसरा घ्यायचा" असा फॉर्म्युला चालत नाही.

मग करायचं काय? टेन्शन, म्हणजे पिक चालवताना रेंचनं दिलेला फिरवायचा हलका जोर, कुठे लावता ह्यावर सगळा खेळ आहे. साध्या रेंचनं प्लगला जोर दिला की तो पिनांमधून स्लीव्हलाही जातो आणि पिना दोन्ही लाइनवर बाइंड होतात, म्हणजे दाबात घट्ट धरल्या जातात. म्हणून हौशी लोक दात असलेला वेगळा टेन्शन रेंच वापरतात, स्लीव्हला खालून पिना ढकलून काढायची भोकं असतात, त्यांत हे दात अडकतात आणि जोर फक्त स्लीव्हला मिळतो. मग बाइंडिंग स्लीव्ह आणि बॉडीच्या मध्येच होते आणि कोअर कंट्रोलवर फिरतो. प्रत्येक कोअरमध्ये तो बसेलच असं नाही, आणि जास्त दाबला तर दात वाकतात. पिकसुद्धा पातळ लागते, 0.38 मिमीवाली, आपल्याकडच्या स्वस्त सेटमधल्या जाड पट्ट्या ह्या चावीच्या खाचेत नुसत्या घासतात. रेकिंग, म्हणजे पिक सगळ्या पिनांवरून भराभर घासणं, विसरा, त्यानं इथे फक्त पिना जास्त उचलल्या जातात.

पण माझं मत विचाराल तर रेंचवर पैसे घालायच्या आधी कोअर रिकामा करा. खालून बारीक सळईनं ढकललं की पिना, स्प्रिंग आणि वरची कॅप एका सोबत वर निघते (डब्यावर धरून करा, नाहीतर स्प्रिंग शोधत दिवाण सरकवावा लागते). मग फक्त दोन खाने भरा, दोन्हीचे आकडे कागदावर लिहा, आणि साध्याच रेंचनं मुद्दाम एकदा ऑपरेटिंगवर आणि एकदा कंट्रोलवर फिरवून पाहा. कंट्रोलवर प्लगसोबत स्लीव्ह फिरते आणि लग हललेला डोळ्यानं दिसतो. दोन जमले की तीन, मग चार. मुद्दाम एक पिन चुकीच्या लाइनवर बसवून तो अर्धवट अडकल्याचा फील घ्या, तोच खरा धडा, कारण पुढे सात खान्यांत हाच फील आला की टेन्शन हळूच सैल करून एकेक पिन खाली सोडायची असते, सगळं सोडून पहिल्यापासून सुरू करायचं नसते.

मे महिन्यात कूलरसमोर बसून प्रॅक्टिस करू नका, त्या घरघरीत क्लिक ऐकू येत नाही आणि घामानं रेंच सटकतो ते वेगळंच.

आणि तुम्ही शेवटी विचारलंय की ऑफिसच्या दारात असाच कोअर आहे, त्यावर हात साफ करू का. नाही. आपलं नाही आणि वापरात आहे, ह्या दोन्ही कारणांनी नाही, स्वतःच्या वापरातल्या कुलपावरसुद्धा हौशी लोक पिक चालवत नाहीत, कारण कंट्रोल अर्धा फिरून अडकला तर दार उघडेना आणि कोअर निघेना असं होते.

तुमचा कोअर 6 पिनी आहे की 7, आणि विकणाऱ्यानं कंट्रोल चावी दिली का, तेवढं लिहा. चावी असेल तर तिचे कट मोजून प्रत्येक खान्याचा हिशोब आधीच मांडता येईल.