विचारलं तर संशय वाटेल, म्हणून गप्प

एका सामाजिक संस्थेच्या कार्यकारिणीवर असलेल्या बाई समुपदेशनाला आल्या, त्या झोप लागत नाही म्हणून. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) बोलता बोलता लक्षात आलं की झोप उडते ती नेमकी बैठकीच्या आदल्या रात्री. "हिशोबातलं मला कळत नाही. विचारावं तर अध्यक्षांना वाटेल, ही संशय घेते. त्यांच्याशी घरोबा आहे. मग मान डोलावते आणि सही करून मोकळी होते."

मानद पदावरच्या माणसांची ही नेहमीची तक्रार. तिच्या जोडीला आणखी एक गोष्ट हमखास दिसते: मनातली टोचणी घालवायला माणूस राबायला लागतो. बाईही कार्यक्रमाच्या खुर्च्या मोजण्यापासून आभारपत्रं लिहिण्यापर्यंत सगळं करत होत्या. चांगलंच आहे ते, पण ते कुणीही स्वयंसेवक करेल. कागद वाचणं, प्रश्न विचारणं आणि निर्णयाची जबाबदारी घेणं हे मात्र कार्यकारिणीच्या सदस्यालाच करावं लागतं.

पुढच्या भेटीत जमाखर्चाचे आकडे समोर घेतले. खात्यात 6 लाख. इतिवृत्तात 'आर्थिक स्थिती समाधानकारक'. पण त्यातले साडेचार लाख देणगीदारांनी फक्त इमारतीसाठी दिलेले. ते पगाराला वापरता येत नाहीत. उरले दीड लाख, आणि महिन्याचा खर्च 60 हजार. म्हणजे हाताशी जेमतेम अडीच महिन्यांचे पैसे. ही वजाबाकी आणि हा भागाकार बाईंनीच केला. हिशोब त्यांना कळत होता की! कागद बैठकीतच हातात पडायचा आणि चहा येईपर्यंत मंजूर व्हायचा, खरी अडचण ती होती.

म्हणून पहिली मागणी ठरली: विषयपत्रिका, मागचं इतिवृत्त आणि हिशोब निदान आठवडाभर आधी मिळावेत. इतिवृत्तात कोणतं काम कुणाकडे आणि कधीपर्यंत, एवढं आधी पाहायचं. हिशोबात अंदाजपत्रकाचा रकाना आणि प्रत्यक्ष खर्चाचा रकाना शेजारी ठेवायचे, आणि शिल्लक बँकेच्या उताऱ्याशी जुळते का ते बघायचं. नुसतं समजून घ्यायचं असेल तर खजिनदारांना आधीच फोन करायचा. निर्णयावर परिणाम होईल असा प्रश्न बैठकीतच मांडायचा.

प्रश्न कसा विचारायचा, याचा सराव सर्वांत जास्त चालला. "हे पैसे गेले कुठे?" म्हटलं की समोरचा माणूस अंगावर घेतो. "छपाईला 40 हजार धरले होते, 70 झाले, फरक कशामुळे?" यात माणूस नाही, आकडा आहे. उत्तर पटलं नाही आणि ठराव तरीही होणार असेल, तर "माझा विरोध नावानिशी नोंदवा" म्हणायचं. पुढच्या बैठकीत इतिवृत्त कायम होण्याआधी ती नोंद उतरली आहे का, तेही तपासायचं. गप्प बसलेला सदस्य सहसा सहमत धरला जातो.

मध्ये एकदा लंबक दुसऱ्या टोकाला गेला. बाई कार्यालयात जाऊन कर्मचाऱ्यांना परस्पर सूचना देऊ लागल्या. हे फार घडतं, आणि त्याने कर्मचाऱ्यांना दोन मालक होतात. अधिकार मंडळाचा असतो. एकट्या सदस्याला मंडळाने सोपवलं असेल तेवढाच.

दोन बाबतींत मात्र भिडस्तपणा अजिबात नको. कोऱ्या धनादेशावर आगाऊ सही करायची नाही, मग खजिनदार कितीही सज्जन असोत. आणि आपल्या नातेवाइकाला काम देण्याचा विषय आला तर नातं आधीच सांगून, चर्चा होईपर्यंत खोलीबाहेर जायचं. नुसतं मतदान टाळून भागत नाही. तुम्ही समोर बसलेले असताना दर जास्त आहे असं कोण म्हणेल?

"आणि कागद दिलेच नाहीत तर?" बाईंनी शेवटी विचारलं. लेखी मागणी करायची, आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा लेखी आठवण द्यायची, दोन्हींची प्रत जपून ठेवायची. तरीही मिळाले नाहीत तर कारण नमूद करून तारखेसह राजीनामा द्यायचा आणि पोच घ्यायची. बँकेत सहीचा अधिकार असेल तर तोही त्याच वेळी काढून घ्यायला सांगायचं. राजीनाम्यापूर्वीच्या निर्णयांची जबाबदारी त्याने पुसली जात नाही, म्हणून मंडळावर असतानाची विरोधाची ती नोंद कामी येते.