गोप्रोच्या व्हिडिओतला वाकडेपणा कसा काढायचा?

तुम्ही विचारलंय की हेल्मेटवरच्या गोप्रोने सिंहगड घाटात शूट केलं, तर क्षितिज कमानीसारखं आणि दूरदर्शनचा टॉवर धनुष्यासारखा का दिसतो, आणि तो आता सरळ होईल का. होईल.

गोप्रोच्या वाइड लेन्समध्ये फ्रेमच्या मध्यातून जाणारी रेषा सरळच राहते, कडेची बाहेर फुगते. म्हणून क्षितिज मध्याच्या वर असेल तर उंचवटा दिसतो, खाली गेलं तर खोलगट वाटी.

झालेल्या फुटेजसाठी मी एफएफएमपेग या कमांड लिहून चालवायच्या व्हिडिओ सॉफ्टवेअरचा 'लेन्सकरेक्शन' फिल्टर वापरतो, फुकट आहे. त्यात के१ आणि के२ हे दोन आकडे द्यायचे, वाकडेपणा किती काढायचा ते त्यांनी ठरतं. सुरुवात के१ -०.२२७ आणि के२ -०.०२२ इथून करा. हे आकडे तुमच्या कॅमेऱ्याला तंतोतंत बसतीलच असं नाही, म्हणून घरच्या दाराची चौकट फ्रेमच्या अगदी कडेला ठेवून दहा सेकंद शूट करा. ती ओळंब्यात दिसेपर्यंत के१ थोडा थोडा बदला. एकदा जमलं की त्याच मोडमधल्या सगळ्या क्लिपना तेच आकडे चालतात. कमांड लिहायची नसेल तर केडेनलाइव्ह या व्हिडिओ एडिटरमध्येही लेन्स करेक्शन आहे.

कडेचा थोडा भाग कापला जाईल आणि कोपरे ताणलेले, जरा मऊ दिसतील. त्यामुळे पूर्ण सरळ करायच्या मागे लागू नका, घाटाच्या वळणांत थोडी गोलाई छानच दिसते. सॉफ्टवेअरमध्ये स्टॅबिलाइझ करणार असाल, म्हणजे हादरे काढणार असाल, तर आधी लेन्स, मग स्टॅबिलायझेशन. उलट केलंत तर चित्र जेलीसारखं हलतं.

पुढच्या वेळी सरळ लिनिअर मोडवरच शूट करा, त्यात कॅमेराच वाकडेपणा काढतो.