लॅम्डा दुसऱ्याच्या खात्यातून चालवायचं तर

प्रश्न : ताई, मी नाशिकचा. द्राक्ष निर्यातदारांसाठी पॅकिंग लिस्ट आणि इन्व्हॉइसच्या पीडीएफ बनवणारं एक लॅम्डा फंक्शन (बोलावलं की ॲमेझॉनच्या सर्व्हरवर चालणारा छोटा प्रोग्राम) मी लिहिलंय. ते माझ्या एडब्ल्यूएस (ॲमेझॉनची क्लाउड सेवा) खात्यात, मुंबई रीजनमध्ये (तिथल्या डेटा सेंटर्समध्ये) चालतं. आता दोन निर्यातदारांना ते आपापल्या एडब्ल्यूएस खात्यांतून थेट वापरायचंय. एकाच्या डेव्हलपरने माझी ॲक्सेस की (कोडमधून माझ्या खात्यात शिरायची किल्ली) मागितली, मी व्हॉट्सॲपवर पाठवून दिली. काम सुरू झालं, पण मनात धाकधूक आहे. शिवाय वापराचे पैसे दोघांकडून कसे घ्यायचे?

उत्तर : धाकधूक रास्त आहे. पुढचं वाचण्याआधी आयएएममध्ये (एडब्ल्यूएसमधला युजर आणि परवानग्यांचा विभाग) जाऊन ती की इनॲक्टिव्ह करा. ती शेवटची कधी आणि कोणत्या सर्व्हिससाठी वापरली गेली ते तिथेच दिसतं. ते बघा आणि मग डिलीट करा. अशा कीला मुदत नसते. त्यातून एकट्याने काम करणारे लोक स्वतःच्या युजरला बहुधा ॲडमिनचे सगळे अधिकार देऊन मोकळे होतात. तुम्हीही तसंच केलं असेल, तर पीडीएफ बनवून घ्यायला आलेल्या माणसाला तुमचा डेटाबेस पुसायचीही मुभा मिळालीय.

की द्यायची मुळात गरजच नव्हती. लॅम्डा फंक्शनला स्वतःची रिसोर्स-बेस्ड पॉलिसी असते, म्हणजे त्याला कोण बोलावू शकतो याचे नियम. फंक्शनच्या कॉन्फिगरेशनमध्ये परमिशन्सखाली ती सापडेल. तिथे समोरच्या खात्याचा किंवा त्यातल्या एका रोलचा (ठरावीक परवानग्या असलेली ओळख) एआरएन (एडब्ल्यूएसमधलं पूर्ण, एकमेव नाव) लिहायचा आणि फक्त इन्व्होक-फंक्शन (फंक्शन बोलावणं) एवढीच कृती द्यायची. तिथे तारांकन (*, म्हणजे 'कोणीही') टाकलेलं दिसलं की मी हातातला चहा खाली ठेवते. तुमचं काम इथे संपलं, त्यांचं नाही. खाती वेगळी असली की परवानगी दोन्हीकडून लागते, त्यामुळे त्यांच्या ॲडमिननेही आपल्या रोलला तुमच्या फंक्शनचा पूर्ण एआरएन देऊन इन्व्होकची मुभा द्यायला हवी. 'ॲक्सेस डिनाइड' येऊन फोनाफोनी सुरू होते ती बहुतेक वेळा इथेच. त्यांचं बाकीचं काम सिंगापूर रीजनमध्ये असेल, तर कोडमध्ये या कॉलपुरतं मुंबई रीजन द्यायला सांगा.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. कोणी बोलावू शकतो एवढंच ही पॉलिसी ठरवते. बोलावून काय मागायचं ते ती ठरवत नाही. फंक्शन चालतं ते तुमच्याच एक्झिक्युशन रोलवर, म्हणजे तुम्ही त्याला दिलेल्या परवानग्यांवर. समजा, येणाऱ्या इव्हेंटमध्ये (बोलावणाऱ्याने पाठवलेल्या माहितीत) ग्राहक क्रमांक असतो आणि तुमचा कोड त्यावर विश्वास ठेवतो. मग पहिल्या निर्यातदाराच्या डेव्हलपरने तिथे दुसऱ्याचा क्रमांक टाकला, तर दुसऱ्याचे भाव, त्याचे युरोपातले खरेदीदार, सगळं पीडीएफमध्ये येणार. थेट इन्व्होक केल्यावर बोलावणारं खातं कोणतं, हे लॅम्डा तुमच्या कोडला सांगत नाही.

यावर मी करते तो उपाय साधा आहे. प्रत्येक ग्राहकासाठी वेगळा एलियास (त्याच फंक्शनचं दुसरं नाव) काढा आणि परवानगी त्याच एलियासवर द्या, आख्ख्या फंक्शनवर नको. कोडला लॅम्डाकडून मिळणाऱ्या कॉन्टेक्स्टमध्ये (त्या कॉलच्या तपशिलात) इन्व्होक्ड फंक्शन एआरएन असतो आणि त्याच्या शेवटी एलियासचं नाव येतं. ग्राहक कोण ते त्यावरून ठरवा, इव्हेंटमधल्या क्रमांकाकडे बघूच नका. दुसऱ्याच्या एलियासवर त्याला परवानगीच नसल्यामुळे नाव बदलून काही साधणार नाही. एक्झिक्युशन रोललाही ज्या बकेट (फाइली ठेवायची जागा) आणि डेटाबेसच्या टेबलांशी काम आहे तेवढीच द्या.

रोल अझ्यूम करायचा, म्हणजे समोरच्याने तुमच्या खात्यातला रोल तात्पुरता घ्यायचा, दुसरा मार्गही आहे. एसटीएस या एडब्ल्यूएसच्या सेवेकडून तात्पुरते क्रेडेन्शियल्स मिळतात, एरवी तासाभराचे. समोरच्याला फंक्शनशिवाय तुमच्या खात्यातलं आणखीही काही लागत असेल, तर तो घ्या. नुसतं फंक्शन बोलावण्यासाठी मी त्या वाटेला जाणार नाही. आणि कोणी फंक्शन यूआरएल (फंक्शनचा वेब पत्ता) काढून ऑथ 'नन' (ओळख तपासायचीच नाही) ठेवायला सुचवलं, तर त्याला चहा पाजून घरी पाठवा; तो पत्ता कळलेला कोणीही तुमचं फंक्शन चालवू शकतो.

हंगामात एखाद्याचा कोड लूपमध्ये अडकला, तर? एका रीजनमध्ये एका वेळी साधारण 1000 एक्झिक्युशन्सची मर्यादा असते, नव्या खात्यांना कमीही. ती तुमच्या सगळ्या फंक्शन्सची मिळून आहे, म्हणून या फंक्शनला रिझर्व्ह्ड कन्करन्सी (त्याच्यापुरती ठरावीक मर्यादा) लावून टाका. क्लाउडट्रेल (खात्यात कोणी काय केलं याची नोंदवही) इन्व्होकची नोंद आपणहून ठेवत नाही. त्यासाठी डेटा इव्हेंट्स चालू करावे लागतात. थोडे पैसे पडतात, पण या एका फंक्शनपुरते चालू कराच.

आता पैशांचं. बिल सगळं तुमच्याच खात्यावर येणार. एडब्ल्यूएस ते दोघांत वाटून देत नाही. मात्र क्लाउडवॉचमध्ये (एडब्ल्यूएसमधली वापराची आकडेवारी) प्रत्येक एलियासचे इन्व्होकेशन्स (किती वेळा बोलावलं) आणि ड्युरेशन (किती वेळ चाललं) वेगवेगळे दिसतात. महिनाअखेर ते आकडे घ्या आणि प्रति पीडीएफ दर लावून बिल पाठवा. दर ठरवताना एस-थ्री (फाइलींचा साठा) आणि लॉग्जचा (फंक्शनच्या नोंदींचा) खर्च धरायला विसरू नका, कारण लॅम्डापेक्षा लॉग्जचंच बिल जास्त आलेलं मी अनेकांकडे पाहिलंय.